तुटलेला भाग काय सांगतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या मॉन्स्टर ट्रकविषयी बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मोडतोडीची आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच प्रकारची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या १/१० मापाच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये मूळची ब्रश मोटर होती. तिच्या जागी मी ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर आणि ३एस (तीन सेलची) लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी बसवली. त्यानंतर प्लास्टिकचा स्पर गियर पुन्हा पुन्हा जाऊ लागला, म्हणून पोलादी स्पर बसवला. आता मागच्या डिफरन्शियलचे दाते उडाले आहेत. पुढे कोणता भाग बदलावा?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : डिफरन्शियल दुरुस्त करण्याआधी पोलादी स्पर काढून तेथे पुन्हा प्लास्टिकचा बसवावा, हा माझा पहिला सल्ला आहे. मोटरचा जोर पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गियर), स्पर (त्याला जुळणारा मोठा गियर), स्लिपर क्लच (झटका बसल्यास घसरणारी जोडणी), मधला शाफ्ट, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गियरसंच), चाकाकडचे शाफ्ट आणि षटकोनी हब या क्रमाने चाकापर्यंत पोहोचतो, आणि जोर प्रमाणाबाहेर गेला की या साखळीतील सर्वांत कच्ची कडी तुटतेच. ती कडी कोणती असावी, एवढे मात्र आपल्या हातात असते. प्लास्टिकचा स्पर हा गाडीतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असून तो मैदानावर बसल्या जागी बदलता येतो, तर डिफरन्शियलसाठी गाडीचा मागचा भाग पूर्ण उघडावा लागतो आणि ते सुटे भाग आपल्याकडे बाहेरूनच मागवावे लागतात. आपण स्पर पोलादी केल्याने जोर कमी झाला नाही. तो पुढच्या कडीवर गेला.

जोर किती वाढला आहे, तेही पाहावे. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मोटरचे मिनिटाला होणारे फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या २एस बॅटरीवर मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेते आणि ११.१ व्होल्टच्या ३एसवर सुमारे ३६,६०० फेरे घेते. वेग दीडपट होतो, पण गाडी धोंड्यावर आदळल्यावर जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सव्वादोन पट होते. ब्रश मोटरच्या हिशेबाने बनवलेल्या दात्यांवर हा भार येतो. ३एस ठेवायचीच असेल, तर पिनियन दोन-तीन दात्यांनी लहान घ्यावा. कमाल वेग थोडा कमी होईल, परंतु मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) दोन्ही थंड राहतील.

जुने तुटलेले स्पर आपण टाकून दिले नसतील, तर ते उजेडात धरून नीट पाहावेत, कारण गाडीत काय बिघडले आहे ते त्या दात्यांवरच दिसते. सगळ्या दात्यांची टोके सारखीच झिजलेली असतील, तर पिनियन आणि स्पर यांच्यातील अंतर जास्त राहिले आहे. एकाच जागचे दोन-तीन दाते मुळापासून उडाले असून बाकीचे कोरे असतील, तर तो एकाएकी बसलेल्या झटक्याचा परिणाम आहे आणि स्लिपर क्लच फार आवळलेला आहे. दाते वितळल्यासारखे चकचकीत होऊन एका बाजूला कलले असतील, तर क्लच सतत घसरून तापत आहे, म्हणजे तो फार सैल आहे.

दात्यांतील अंतर ठरवण्यासाठी वहीच्या कागदाची एक पट्टी दोन्ही गियरच्या मध्ये घालावी, मोटर स्परवर दाबून धरावी, तिचे स्क्रू आवळावेत आणि मग गियर फिरवून पट्टी बाहेर काढावी. कागदावर दात्यांच्या घड्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, पण तो फाटता कामा नये. क्लचचा नट बहुतेक गाड्यांत पूर्ण आवळून मग सुमारे अर्धा फेरा सैल करून सुरुवात करतात. जमिनीवरून एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिल्या दोन-तीन फुटांत क्लच घसरल्याचा बारीक आवाज आला आणि लगेच थांबला, तर जुळणी बरोबर आहे. मातीच्या मैदानावरून डांबरी जागेवर गेल्यास चाकांची पकड वाढते, तेव्हा ही जुळणी पुन्हा तपासावी.

हे सगळे झाल्यावर डिफरन्शियल उघडावा. आतला मोठा गियर आणि त्याचा पिनियन यांच्यात ढिलाई असेल, तर दाते टोकावर भिडतात आणि थोड्याच दिवसांत उडतात. बेअरिंगमागे शिम (पातळ चकती) घालून ती ढिलाई काढावी, म्हणजे नवे गियर टिकतील. या संदर्भात एक जुने उदाहरण आठवते. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ मध्ये काढलेल्या क्लॉड बस्टर या ट्रकमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी होत्या, आणि दोन्ही धुरांना जोडणारा मधला शाफ्टच नव्हता. भार वाटून देण्याची ती रीत मला आजही शहाणपणाची वाटते.

प्रश्न : भाताच्या कापणीनंतर आम्ही शिवारात ट्रक चालवतो. बांधावरून उडी मारली की तो दरवेळी नाकावर पडतो आणि पुढचा बंपर फुटतो. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घट्ट करावेत का?
(काही मित्र, येळ्ळूर)

उत्तर : शॉकला हात लावण्याआधी बोट तपासावे. बांधाच्या टोकाशी आल्यावर मनात धास्ती येते आणि बोट थ्रॉटलवरून सुटते. त्यामुळे चाकांचा वेग पडतो आणि गाडीचे नाक खाली जाते. मॉन्स्टर ट्रकची चाके जड असल्याने हवेत त्यांचा परिणाम मोठा असतो. चाकांचा वेग वाढवला की गाडीचा सांगाडा उलट दिशेने वळतो आणि नाक वर उचलले जाते. ब्रेक दिला की नाक खाली येते. म्हणून टोकापर्यंत थ्रॉटल स्थिर ठेवावा आणि हवेत नाक झुकू लागल्यास क्षणभर थ्रॉटल द्यावा.

मात्र जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल सोडलाच पाहिजे. वेगाने फिरणारी चाके जमिनीवर एकदम अडतात, तेव्हा तो झटका उलटा स्परपर्यंत जातो, आणि वर खानापूरच्या वाचकांनी लिहिलेले सगळे प्रकार घडू शकतात. शिवारात भाताची धसकटे शाफ्टभोवती गुंडाळली जातात आणि मोटर तापते. ती मधून मधून काढावीत. शेतमालकाची परवानगी आपण घेत असालच.

प्रश्न : उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या ओळखीचे मशीन शॉप आहे. प्लास्टिकचे सस्पेन्शन आर्म वरचेवर मोडतात, म्हणून तेथे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म करून घ्यावेत असे वाटते. ते टिकतील का?
(एक वाचक, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : आर्म टिकतील, पण गाडी टिकणार नाही. चांगल्या नायलॉनचा आर्म आदळल्यावर वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, आणि त्या वाकण्यातच धक्क्याचा मोठा भाग जिरतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म वाकला तर वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर तोच धक्का आतल्या बल्कहेडवर (आर्म आणि डिफरन्शियल धरून ठेवणाऱ्या भागावर) किंवा चेसिसवर जातो. बल्कहेड फुटला की डिफरन्शियलसह सगळे उतरवावे लागते. आर्मसाठी अधिक लवचीक, जाड नायलॉनचे तयार भाग मिळतात, तेच घ्यावेत. नायलॉन कोरडा असताना ठिसूळ असतो आणि ओलावा शोषल्यावर चिवट होतो. त्यामुळे नवे भाग बसवण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवून निवू देण्याची पद्धत आहे आणि तिचा उपयोग होतो.

याचा अर्थ उद्यमबागेकडे पाठ फिरवावी असा नाही. लेथ, मिलिंग आणि सीएनसीची एवढी कसबी माणसे हाकेच्या अंतरावर असणे ही या छंदासाठी फार मोठी सोय आहे, आणि बेळगावकरांनी तिचा उपयोग केलाच पाहिजे. जे भाग झिजू नयेत आणि वाकू नयेत, ते तेथे करून घ्यावेत. आर्मच्या बिजागरीची पिन हे त्याचे उत्तम उदाहरण. मूळची पिन मऊ पोलादाची असेल तर ती किंचित वाकते, मग आर्म अडखळत वरखाली होतो आणि सस्पेन्शनचा दोष शॉकवर येतो. पिन सपाट काचेवर ठेवून लोटली की वाक लगेच दिसतो. त्याच मापाची कडक पोलादी पिन कापून, टोके घासून बसवली की काम झाले. मोटर बसवायची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि चाकांचे षटकोनी हब हेही तेथे चांगले होतात. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मोटरची उष्णता बाहेर काढते आणि पिनियनचे अंतरही हलू देत नाही.

पिनियन मात्र दात्यांचे माप नक्की सांगितल्याशिवाय करायला देऊ नये. आपल्या कारखान्यांत गियरचे माप मॉड्यूलमध्ये सांगतात, तर या गाड्यांपैकी अनेकांचे गियर इंची पिचमध्ये असतात. ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल, त्यामुळे ०.८ मॉड्यूलचा पिनियन त्याच्याशी बहुधा जुळतो. ४८ पिच म्हणजे ०.५२९ मॉड्यूल, तेथे ०.६ मॉड्यूलचा पिनियन बसवला तर तो स्परचे दाते खाऊन टाकील. मोटरच्या शाफ्टचा व्यासही मोजूनच द्यावा. ५४० मापाच्या मोटरींचा शाफ्ट सहसा ३.१७ मिलिमीटर आणि मोठ्या ब्रशलेस मोटरींचा ५ मिलिमीटर असतो. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच यावा आणि धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब द्यावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो लावू नये, कारण काही प्लास्टिक त्याने तडकते.

प्रश्न : उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पूर्ण भरलेली लायपो बॅटरी फुगली आहे. दाबून बसवली तर ती बॅटरीच्या खणात बसते. वापरली तर चालेल का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : चालणार नाही. फुगणे म्हणजे आत वायू तयार झाला आहे, आणि अशी बॅटरी दाबून बसवणे किंवा पुन्हा चार्ज करणे हे आगीला आमंत्रण आहे. ती टोचू नये. घराबाहेर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवावी आणि बॅटऱ्या किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. घंटागाडीत टाकू नये.

नवी बॅटरी घ्याल तेव्हा तिचे आकडे पाठ ठेवावेत. लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि वापरताना तो ३.२ ते ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. ईएससीमध्ये लायपोची सोय सुरू केली असेल तर त्या सुमारास गाडी आपोआप मंदावते. ती सोय बंद राहिली असेल तर बॅटरी एका दिवसातही खराब होते. दोन-तीन दिवस गाडी चालवायची नसेल, तर चार्जरवर साठवणीचा पर्याय निवडून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. आपली बॅटरी भरलेल्या अवस्थेत आणि उकाड्यात राहिली, म्हणून फुगली. चार्जर बॅलन्स करणारा असावा, आणि ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. चार्ज होत असताना माणूस समोर असावा, हे मी फार आग्रहाने लिहितो आहे.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलासाठी पहिला ट्रक कोणता घ्यावा?
(एक पालक, चिकोडी)

उत्तर : ज्याचे स्पर, आर्म आणि शाफ्ट सुटे विकत मिळतात, असा. बाजारातील स्वस्त खेळण्यांत सुटे भाग मिळत नाहीत, त्यामुळे पहिल्या मोडीबरोबर गाडी आणि मुलाचा उत्साह दोन्ही संपतात. टू व्हील ड्राइव्ह, ब्रश मोटर आणि सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी एवढे पुरेसे आहे. काही ईएससींमध्ये ताकद निम्मी करणारा शिकाऊ पर्याय असतो. तो मिळाल्यास उत्तम. गाडीबरोबर दोन स्पर आणि पुढचे दोन आर्म आताच घेऊन ठेवावेत, आणि पहिली दुरुस्ती मुलालाच करू द्यावी.

प्रश्न : ट्रकवर वॉटरप्रूफ लिहिले आहे. पावसाळ्यात तांबड्या चिखलात चालवला, तर आता चाकांतून करकर येते आणि ती डुगडुगतात. वॉरंटी मागावी का?
(एक वाचक, जांबोटी)

उत्तर : वॉटरप्रूफ हा शब्द ईएससी, सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरच्या डबीपुरता असतो. बेअरिंग, शाफ्ट आणि स्क्रू पोलादाचेच असतात आणि गंजतात. जांबोटीकडची तांबडी माती वाळल्यावर बारीक पूड होऊन बेअरिंगच्या झाकणातून आत शिरते आणि वंगणाबरोबर घासणीच्या लेपासारखी काम करते. आपली बेअरिंग गेली आहेत आणि ती बदलण्याला पर्याय नाही. रबरी झाकणाची घ्यावीत, आणि माप बेअरिंगवर वाचून किंवा कॅलिपरने मोजून स्थानिक दुकानात विचारावे. काही मापे तेथेही मिळतात.

यापुढे चिखलातून आल्यावर सर्वांत आधी बॅटरी काढावी. मग बादलीतल्या पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल ओला असतानाच धुवावा. जोराच्या फवाऱ्याने धुतल्यास माती बेअरिंगच्या आत ढकलली जाते. टायरमधील फोममध्ये पाणी साचले असेल तर चाक जड होते आणि शाफ्टवर भार येतो, म्हणून टायर दाबून छिद्रांतून पाणी काढावे. चाके उतरवून हबच्या बेअरिंगवर पातळ तेलाचा थेंब द्यावा आणि ब्रश मोटर असेल तर तिच्या दोन्ही टोकांच्या बुशवरही द्यावा. बॉडी काढून गाडी रात्रभर पंख्याखाली ठेवावी. रिसीव्हरच्या डबीचे झाकण दुसऱ्या दिवशी उघडून आत थेंब दिसले, तर झाकणाच्या रबरी कडेवरची माती पुसून, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवून मगच पुढची फेरी मारावी.