बांबू की हाड

"हे घरात ठेवायचं मला धाडस होईना, मॅडम," असं म्हणत त्या बाईंनी पर्समधून एक मोबाइल काढला आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला. चार दिवस तो तांदळाच्या डब्यात होता. चार्जिंगच्या भोकात तांदळाचा एक दाणा अजून अडकलेला दिसत होता. फोन त्यांच्या मुलाचा. मुलगा नववीत, पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा.

"उघडून बघा की. समोरच लावलंय. नखं बघा तिची, डोळे बघा. तोंडात हाड धरलंय."

पडद्यावर जपानी कार्टूनमधली एक मुलगी होती. लांब केस, गुलाबी डोळे, टोकदार नखं आणि तोंडात आडवं धरलेलं काहीतरी हिरवं.

बाई बेळगावच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत. घर अनगोळच्या बाजूला. चर्चमधली रविवारची मराठी उपासना चुकत नाही, गायनमंडळात त्या स्वतः गातात. एका प्रार्थना सभेत त्यांनी ऐकलं होतं की अशा चित्रांतून दुरात्मे घरात शिरतात, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मुलाच्या फोनवर हे चित्र दिसलं. त्यांनी फोन हिसकावून घेतला, मुलाने दार आपटलं. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. त्यांचा प्रश्न सरळ होता. सिनेमा, गाणी, कार्टून, रील्स, सगळं बंद करू का? विश्वासात वाढवलेलं पोर हातचं जाऊ नये म्हणून आईनं करायचं तरी काय?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कॅम्पातून येतो, निपाणीकडून येतो, खानापूरकडून येतो. कधी कोरियन गाण्यांवरून, कधी मोबाइलवरच्या गेमवरून, कधी कन्नड सिनेमातल्या हिरोसारखी ओठांत सिगरेट धरून काढलेल्या फोटोवरून. म्हणूनच मायलेकांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

दुरात्म्यांवरून मी वाद घातला नाही. मीही ख्रिस्ती मंडळीतच वाढले आहे, आणि आईच्या पोटातली भीती वादाने जात नाही. मी एवढंच विचारलं, "ही मुलगी कोण, ते त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की."

मुलगा पुढच्या शनिवारी आला. पाठीवरची सॅकही न उतरवता खुर्चीच्या टोकावर बसला. पहिली वीस मिनिटं 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द नाही. मग मी म्हटलं, "तुझी आई म्हणते, तिच्या तोंडात हाड आहे." तो ताठ बसला. "हाड नव्हे ते! बांबू आहे. ती कुणाला चावू नये म्हणून बांधलाय." त्यानंतर अर्धा तास मला बोलायची गरजच पडली नाही.

त्या कार्टूनचं नाव 'डीमन स्लेयर'. ही मुळात जपानमध्ये २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून क्रमशः आलेली चित्रकथा. २०१९ पासून तिची मालिका सुरू झाली आणि ती आपल्याकडच्या पोरांपर्यंत पोचली. डोंगरात राहणारा, कोळसा विकून घर चालवणारा एक मुलगा बर्फातून घरी परततो, तर आई आणि भावंडं मारलेली. एक बहीण तेवढी जिवंत असते, पण राक्षसाचं रक्त अंगात गेल्यामुळे तीच राक्षस झालेली. हिला मारून टाकायला हवं असं इतरांचं म्हणणं. भाऊ तिला सोडत नाही. ऊन लागलं तर ती मरेल, म्हणून दिवसा तिला लाकडी पेटीत ठेवतो आणि ती पेटी पाठीवर घेऊन चालतो. तिला पुन्हा माणूस करायचं, एवढा एकच ध्यास त्याला.

"ती माणसं खात नाही," मुलगा मला समजावत होता. "खायची नाही म्हणून ती झोपून घेते. झोपेतून तिला ताकद येते." मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "आमच्या घरात अक्काचं नाव घेत नाहीत."

अक्का कोण, हे मला ठाऊकच नव्हतं. आईने मुलगी असल्याचं सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थोरलीने एका मराठा घरातल्या मुलाशी नोंदणी लग्न केलं होतं. ती खानापूरला असते. आईने तिचे फोटो भिंतीवरून उतरवले, तिचा नंबर काढून टाकला. मुलगा शाळेतल्या मित्राच्या फोनवरून कधीमधी अक्काशी बोलत असे, चोरून.

इथे माझी घाई नडली. पुढच्या भेटीत मी आईला थेट मुलीबद्दलच विचारलं. त्या उठल्या. "मी मोबाइलबद्दल विचारायला आले होते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. नंतरच्या शनिवारी आल्या नाहीत. त्या येईपर्यंतचे पंधरा दिवस मला जड गेले. पालक जे दुखणं घेऊन येतात तिथूनच सुरुवात करावी लागते. आतली जखम त्यांनी दाखवायची असते, आपण खपली ओढायची नसते.

त्या परत आल्या तेव्हा मी मोबाइलचंच बोलले. एक काम दिलं. त्या कार्टूनचा पहिला भाग मुलाच्या शेजारी बसून बघायचा, साधारण चोवीस मिनिटांचा असतो. मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर फक्त विचारायचं, "तुला यातलं काय आवडतं?"

"म्हणजे मी पण तेच बघायचं?"

"एकदा. मग आवडलं नाही तर नाही म्हणा. पण बघून म्हणा."

ख्रिस्ती पालकांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण न बघता केलेली बंदी मी स्वतः भोगली आहे. लहानपणी आम्हाला सिनेमाच्या पोस्टरकडे बघायचीही मनाई होती. मी रस्त्यावर मान खाली घालून चालायचे आणि शेजारच्यांच्या खिडकीतून टीव्ही बघायचे. चांगलं-वाईट निवडायला मी शिकले नाही, लपवायला शिकले. पुढे कॉलेजात कुणी अडवणारं उरलं नाही तेव्हा काय बघावं आणि काय सोडावं, हे मला कळेचना.

गोष्टीची भूक बंदीने मरत नाही, हे आपल्या पूर्वजांनाही उमगलं होतं. गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली, कथा सुटल्या. ती पोकळी फादर स्टीफन्स यांनी ओळखली आणि ओवीतच ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापून आलं. सुमारे अकरा हजार ओव्या! जन्माने इंग्रज असलेला माणूस इथल्या लोकांच्या ओठांवरचा छंद उचलतो, कारण रिकामं मन रिकामं राहत नाही हे त्याला कळलेलं असतं. पुढे ना. वा. टिळकांनी अभंगांतून येशूला गायलं. आज आपण टाळ घेऊन म्हणतो ती भजनं त्या काळी कुणाला तरी नक्कीच खटकली असतील.

बाईंनी पहिला भाग पाहिला. मला वाटलं होतं त्या चिडून येतील. आल्या त्या वेगळ्याच होऊन. बर्फात पडलेली आई आणि पोरं बघून त्यांना रडू आलं होतं, आणि शेजारी मुलगाही डोळे पुसत होता. "दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडलं ते पोरगं," त्या म्हणाल्या. मग ठामपणे पुढे, "पण मुंडकी उडतात ती मला पटत नाहीत. रक्त बघून बघून मन निबर होतं. मी रोज वॉर्डात असते, मला माहीत आहे. तसं मी त्याला सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मला पण सगळी आवडत नाहीत. आणि म्हणाला, तुझ्या सिरियलमध्ये सून दुधात विष घालते ते चालतंय काय?"

हे त्यांना लागलं होतं. रोज रात्री हॉलमध्ये ती कट-कारस्थानं चालतात, जेवणाची ताटं समोर असतात आणि कुणालाही त्यात दुरात्मा दिसत नाही. पोरं हे सगळं टिपत असतात. मी बाईंना सांगितलं, नियम करायचा तर घराचा करा, फक्त पोराचा नको.

त्यानंतरच्या भेटीत आम्ही तिघांनी मिळून बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. गोष्ट दोघांची पाठ. दानिएलाने बाबेलच्या राजाचं पक्वान्न नाकारलं, डाळ-भाजी खाल्ली. संडे स्कूलमध्ये आपण तेवढंच शिकवतो. मी चौथ्या वचनावर बोट ठेवलं. बाबेलला नेलेल्या दानिएलासारख्या यहूदी मुलांना खास्दी, म्हणजे तिथल्या, लोकांची विद्या आणि भाषा शिकवायची असा राजाचा हुकूम होता, आणि ती त्यांनी शिकली. परमुलखातली, परक्या देवांच्या लोकांची विद्या. अध्याय पुढे म्हणतो की त्या विद्येतली समज देवानेच त्यांना दिली. तोच दानिएल ताटातल्या अन्नाला मात्र नाही म्हणतो. काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्याने स्वतः ठरवलं. त्याची आई तिथे नव्हती.

बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझं काम त्याला 'नाही' म्हणायला शिकवायचं. मी त्याच्या जागी 'नाही' म्हणत बसले," त्या सावकाश म्हणाल्या.

दानिएलाने आपली परीक्षा घ्यायला दहाच दिवस मागितले होते. मुलाला ती कल्पना आवडली. दहा दिवस एक गोष्ट सोडायची, कोणती ते त्यानेच ठरवायचं. तो कार्टून सोडेल असं आईला वाटत होतं. त्याने रील्स सोडल्या. का, विचारलं तर म्हणाला, "कार्टून संपतं. रील्स संपत नाहीत."

काही गोष्टी मात्र मी पालकांनीच हातात घ्यायला लावल्या, त्यात मुलाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. मुलाने इन्स्टाग्रामवर जन्मसाल १९९९ टाकलं होतं. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात आलेली किशोरांसाठीची खाती त्याला लागूच झाली नव्हती. त्या खात्यांत संरक्षणाच्या सेटिंग आपोआप लागतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला त्या सैल करायच्या तर पालकांची परवानगी लागते. खरं वय नोंदवून घेतलं. घरच्या ओटीटीवर सगळ्यांची एकच प्रोफाइल होती, कुलूप नव्हतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांपासून प्रत्येक मालिकेवर सर्वांसाठी, सात, तेरा, सोळा वर्षं किंवा फक्त प्रौढांसाठी असा शिक्का असतो, आणि तेरापासून वरच्या सगळ्याला कुलूप लावायची सोय द्यावी लागते. सोय आपल्याच हातात असते, पण बहुतेक घरांत ती कुणी उघडूनही बघितलेली नसते. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, आईचाही. मुलाचे वडील पहिल्या दिवसापासून "असू दे की" म्हणत होते, पण सगळ्यांत जास्त कुरकुर त्यांनीच केली.

दहा दिवसांनी मुलाने वहीत लिहून आणलं होतं. पहिले तीन दिवस चिडचिड. पाचव्या दिवशी झोप लवकर लागली. सातव्या दिवशी एका मित्राने पाठवलेली रील त्याने उघडली, ते खोडून न टाकता तसंच लिहिलं होतं. आईने ते वाचलं आणि ओरडल्या नाहीत. "खरं लिहिलंस," एवढंच म्हणाल्या. मला त्या क्षणी त्या दोघांचं कौतुक वाटलं, आणि तसं मी सांगितलं.

मुलीचा विषय त्यांनी स्वतः काढला, चार महिन्यांनी. निघताना, दाराच्या कडीला हात घातलेला असताना. "एक गेली, मॅडम. आता हा पण गेला तर? त्या फोनवरचं चित्र बघितलं ना, तेव्हा मला तेच दिसलं." मग म्हणाल्या, "त्या कार्टूनमध्ये ते पोरगं बहिणीला पाठीवर घेऊन फिरतंय. ते बघून मी तीन रात्री झोपले नाही."

मी काही बोलले नाही. त्या परत आत येऊन बसल्या. पुढचा तास आम्ही त्यांच्या मुलीबद्दल बोललो. ती लहानपणी कशी होती, ख्रिसमसच्या नाटकात देवदूत झाली तेव्हा पंख कसे सुटले, तिला करंजीतलं नारळाचं सारण आधीच खायची खोड कशी होती. लग्न त्यांना आजही मान्य नाही. ते मान्य करा, असं मी म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मुलगा त्या सकाळी एकटाच सेंट्रल बस स्टँडवरून खानापूरच्या बसमध्ये बसला होता. "मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "अजून मला जमत नाही. पण डबा मी भरला. हाताने भरला. त्याच्या सॅकमध्ये नीट उभा ठेवला, करंज्या मोडू नयेत म्हणून, आणि त्याला सांगितलं, बसमध्ये सॅक वर रॅकवर टाकू नको, पाठीवरच असू दे."