अंडी झाली, पिल्ले का जगत नाहीत? क्लाउनफिशविषयी नागपूरकरांचे प्रश्न

पाणी स्थिर आणि खाणे चांगले असले की क्लाउनफिशची जोडी अंडी घालतेच, त्यात आपले फारसे कर्तृत्व नसते. पिल्ले जगतील की नाही, हे मात्र अंडी फुटण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच्या तयारीवर ठरते. या वेळचे बहुतेक प्रश्न त्या तयारीपाशीच येऊन अडलेले दिसतात.

प्रश्न (मनीषनगर): दीड वर्षापासून दोन ओसेलॅरिस (क्लाउनफिशची एक जात) दीडशे लिटरच्या टाकीत आहेत. भांडत नाहीत, पण अंडीही नाहीत. दोन्ही नर असतील का? ॲनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो समुद्री जीव) आणावा का?

दोन्ही नर असले तरी बिघडत नाही. क्लाउनफिशमध्ये मादी जन्मत नाही, ती घडते. दोघांतला दांडगा मासा मादी होतो आणि दुसरा नर राहतो. एक ठळकपणे मोठा असेल आणि लहान त्याच्यापुढे अंग थरथरवत असेल, तर जोडी जमली आहे. मादीला तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागू शकतात, म्हणून माशांची अदलाबदल करू नका. दोन वाढलेल्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत मारामारी होते.

ॲनिमोनची गरज नाही. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा आणि तिच्याजवळ मातीचीच एक सपाट फरशी टेकवा. तापमान २७ अंश, खारेपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) आणि दिवे रोज ठरल्या वेळी चालू-बंद. खाणे दिवसातून तीनदा थोडे थोडे द्या आणि त्यात समुद्री कोळंबी बारीक चिरून घाला. तळ्यातल्या झिंग्यांपेक्षा तीच बरी, कारण अंड्यांना लागणारी मेदाम्ले समुद्री खाण्यात जास्त असतात.

प्रश्न (धरमपेठ): अंडी घातली, पण तिसऱ्या दिवशी गायब. नरच खातो का?

खातो. पहिल्या दोन-चार वेळांची अंडी बहुधा नीट फळत नाहीत, आणि न फळलेली किंवा बुरशी धरलेली अंडी नर उचलून खातो. ते त्याचे कामच आहे. दर दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी येतील. तोवर टाकीत सारखा हात घालू नका.

प्रश्न (नंदनवन): आठव्या रात्री अंडी फुटली. सकाळी एकही पिल्लू दिसले नाही. ती कशी आणि कुठे हलवायची?

टाकीतले मासे, पंप आणि फिल्टर यांनी मिळून ती संपवली. २७ अंशांना अंडी साधारण सात ते नऊ दिवसांत फुटतात. सुरुवातीला केशरी असलेली अंडी काळपट होत जातात. डोळे चंदेरी चमकू लागले की त्याच रात्री दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत ती फुटतील असे धरून चाला.

४० लिटरची काचेची टाकी घ्या आणि तिच्या चारही बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. उघड्या काचेतून उजेड आला की पिल्ले काचेवर डोके आपटत राहतात. टाकीत २० लिटर पाणी भरा, तेही मोठ्या टाकीतलेच, म्हणजे खारेपणाचा आणि तापमानाचा धक्का बसत नाही. ५० वॅटचा हीटर पुरे, पण त्याच्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवा. संध्याकाळी फरशी मगात पाण्याखालीच ठेवून हलवा, अंडी हवेत उघडी पडू देऊ नका. नव्या टाकीत ती तिरपी टेकवा आणि खाली एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) असा ठेवा, की बुडबुड्यांचा प्रवाह अंड्यांवरून जाईल, पण थेट आदळणार नाही. नर पंखांनी वारा घालतो त्या कामाची ही जागा आहे. प्रवाह कमी पडला तर तयार अंडीसुद्धा फुटत नाहीत. मग खोलीत पूर्ण अंधार करा. त्या रात्री फुटली नाहीत तर आणखी एक रात्र थांबा.

फुटल्यावर फरशी काढा आणि हवा इतकी कमी करा, की बुडबुडे मोजता येतील. अंडी काचेवर किंवा हलवता न येणाऱ्या दगडावर असतील तर दिवे बंद झाल्यावर तासाभराने पंप थांबवा, एका कोपऱ्यात टॉर्च धरा आणि उजेडाकडे आलेली पिल्ले मगाने पाण्यासकट उचला. जाळी वापरली तर ती वाचत नाहीत.

प्रश्न (महाल): गोड्या पाण्यातल्या पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो. इथे तो किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पहिल्या दिवसापासून का चालत नाही?

बलक पाणी नासवतो आणि हलत नाही. हे पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालते. आर्टेमिया हलतो, पण पहिल्या दिवसांत बहुतेक पिल्लांच्या तोंडात मावत नाही. मधला मार्ग एकच, रोटिफर, म्हणजे आर्टेमियाहून बारीक, पाण्यात पोहणारे जीव. ते मिळत नसतील तर या वेळची अंडी जोडीपाशीच राहू द्या. उपाशी पिल्ले दोन-तीन दिवसांत मरतात.

रोटिफर अंडी येण्याआधी सुरू करा. २० लिटरच्या दोन पांढऱ्या बादल्या घ्या, एक बुडाली तरी दुसरी उरते. लिटरला सुमारे २७ ग्रॅम समुद्री मिठाचे मिश्रण, २५ ते २८ अंश तापमान आणि एअरस्टोन न लावता नुसती नळी, म्हणजे मोठे बुडबुडे येतात. खाद्य म्हणून नॅनोक्लोरोप्सिस शैवालाची पेस्ट एवढीच घाला, की पाणी फिकट हिरवे दिसेल आणि पुढच्या खाण्यापर्यंत जवळजवळ निवळेल. गडद हिरवे करून ठेवले की पेस्ट तळाशी सडते, अमोनिया वाढतो, सिलिएट (एकपेशी) जीव माजतात आणि बादली एका रात्रीत बसते, म्हणजे त्यातले रोटिफर मरतात. बादली बसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

रोज चौथा हिस्सा पाणी ५३ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि तेवढेच नवे घाला. मोजणीसाठी बादलीतले १ मिलिलिटर पाणी ९ मिलिलिटर पाण्यात मिसळा, त्यातला १ मिलिलिटर टॉर्चसमोर धरून पांढरे ठिपके मोजा आणि दहाने गुणा. पिल्लांच्या टाकीत मिलिलिटरला १० रोटिफर हवेत, म्हणजे २० लिटरला २ लाख. बादलीत मिलिलिटरला १०० असतील तर २ लिटर काढावे लागेल. सकाळ-संध्याकाळ पुन्हा मोजा. टाकीतही शैवालाची हलकी झाक ठेवा. त्याने रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि पिल्लांना भक्ष्य स्पष्ट दिसते.

प्रश्न (सदर): नवव्या-दहाव्या दिवशी रोज पाच-दहा पिल्ले मरतात. खाणे भरपूर आहे.

भरपूर आहे म्हणूनच आधी अमोनिया तपासा. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने गोड्या पाण्याच्या मानाने अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो, आणि नव्या टाकीत जिवाणू नसतात. म्हणून स्पंज फिल्टर महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीत ठेवून मुरवा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लांकडे हलवा. रोज एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून काढा आणि काढले तेवढे पाणी थेंब-थेंब भरा. खटकन ओतू नका.

दुसरे कारण खाद्यबदल. सहाव्या-सातव्या दिवसापासून नुकता फुटलेला आर्टेमिया द्या, पण रोटिफर आणखी तीन-चार दिवस चालू ठेवा, कारण सगळी पिल्ले एका मापाची नसतात. आर्टेमिया २८ अंशांना, उजेडात आणि जोराच्या हवेत साधारण २४ तासांत फुटतो. हवा थांबवून दहा मिनिटे थांबा. टरफले वर राहतात, तळातली आर्टेमियाची पिल्ले काढून गोड्या पाण्यात धुवा. टरफल पोटात गेले तर पिल्लू अडते. फुटल्यापासून सहा तासांत खाऊ घाला, त्यानंतर त्याचा कस उतरतो. दिवा लावताच पिल्ले गिरक्या घेऊन मरत असतील तर मेदाम्लांची कमतरता समजा. मग आर्टेमियाला समृद्ध करणारे खाद्य १२ तास देऊन तोच वापरा. याच दिवसांत पांढरे पट्टे उमटू लागतात. शरीर बदलत असताना थोडी मर होतेच, ती शून्यावर येईल असे समजू नका.

प्रश्न (गोकुळपेठ): खडे मीठ वापरले तर खर्च वाचेल का?

नाही. त्यात प्रामुख्याने सोडियम क्लोराइड असते. मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि क्षारता हवी त्या प्रमाणात मिळत नाहीत. समुद्री मिश्रणच घ्या, १०० लिटरला साधारण ३.७ किलो.

प्रश्न (हिंगणा रोड): नवतपात टाकी ३२ अंशांवर जाते. चिलरशिवाय जमेल का?

जमू शकते, कारण उन्हाळ्यातली आपली कोरडी हवा इथे कामी येते. झाकण काढून पाण्यावरून छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा असर घटतो. त्या खोलीत टाकीचे पाणी खोलीच्या तापमानाच्या आसपासच राहील.

पंख्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. १०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर उडाले आणि चार दिवस भर घातली नाही, तर हजार भागांत ३५ असलेला खारेपणा जवळजवळ ४० होतो. भर गोड्या पाण्याचीच घाला. कन्हान-पेंचचे नळाचे पाणी थेट नको, त्यात क्लोरीन असते. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत खनिजे परत मिसळणारा कप्पा असतो, त्यामुळे त्याच्या आधीची नळी काढून डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) पाणी घ्या. आणि ते तांब्याच्या हंड्यात साठवू नका, तांबे रोटिफरना मारते.

वीज गेली तर हीटर-पंख्याआधी हवा सांभाळा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. पावसाळ्यात गल्लीत डासांची फवारणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून पंप तेवढा वेळ बंद ठेवा. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विड मशीन त्या खोलीत कधीच नको. पायरेथ्रॉइड औषधे माशांना फार विषारी असतात आणि पंप ती थेट पाण्यात ओढतो.

प्रश्न (इतवारी): दोन महिन्यांची पिल्ले आईबापांच्या टाकीत सोडता येतील का?

नाही. जोडी पुढच्या अंड्यांवर बसली की त्यांना हाकलते, चावते. पिल्ले एकत्र दाटीने ठेवा. दोन-तीनच ठेवली तर मोठे धाकट्याला टोचून मारते, गर्दीत राग वाटला जातो. अडीच-तीन सेंटिमीटरची झाली की द्यायला हरकत नाही. देण्याआधी ती गोळी-खाद्य खातात ना, हे आपल्याच टाकीत आठवडाभर पाहून घ्या.