लघवीची धार बारीक झालीय, वयाचं म्हणून सोडून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 56, धार बारीक, सुरू व्हायलाच वेळ लागतो, आणि घरचे म्हणतात वयाचं आहे. मीही तीन वर्षं हेच म्हणत काढली. बोरिवली ते चर्चगेट तासभर गाडीत, म्हणून सकाळचा चहा बंद, पाणी बंद. दादरच्या मुतारीत उभं राहावं तर धार सुरू होईना आणि मागून आवाज, "काका, झालं का?" मग तर होती तीही आटायची.

डोळे उघडले ते सर्दीच्या गोळ्यांनी. दोन घेतल्या आणि रात्री लघवी पूर्ण अडली. पहाटे रिक्षाने कॅज्युअल्टी गाठली, नळी घातली, तेव्हा जीव भांड्यात पडला. इथे भांडंही खरंच होतं. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे मला तिथे कळलं. केमिस्टला आधी सांगत जा.

पन्नाशीनंतर बहुतेकदा कारण असतं प्रोस्टेट. ही ग्रंथी मूत्रनलिकेला वेढून असते, वाढली की नलिका दाबते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण नलिका आतून आकसली किंवा मधुमेहाने मूत्राशय दुबळं पडलं तरी धार अशीच दिसते. म्हणून शेजाऱ्याची गोळी आणून खाऊ नका.

युरोफ्लोमेट्रीत, म्हणजे धारेचा वेग मोजणाऱ्या तपासणीत, नुसती यंत्रावरच्या फनेलमध्ये लघवी करायची. माझा सर्वाधिक वेग सेकंदाला 7 मिली आला. 15 च्या वर असला तर सहसा ठीक, 10 च्या खाली शंका. सोबत सोनोग्राफी, लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते बघायला. रक्तातून प्रोस्टेटसाठी पीएसए आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन.

मला टॅमसुलोसिन दिली, मूत्राशयाचं तोंड सैल करणारी गोळी. काही दिवसांत फरक पडला, पण सुरुवातीला झटकन उठलो की चक्कर यायची. ग्रंथी मोठी असेल तर ती आकसवणारी ड्युटास्टेराइड देतात, तिला सहा महिने तरी द्यावे लागतात आणि तिने पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, तेव्हा पुढच्या डॉक्टरांना ती सांगायचीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं सांगा. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. त्यानंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं. लाज न बाळगता आधीच विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर केईएम, नायर, सायन या मुंबई पालिकेच्या रुग्णालयांत युरोलॉजी (मूत्रविकार) विभाग आहेत. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर निघा. आणि हो, तपासणीला मूत्राशय भरलेलं लागतं, तेव्हा त्या दिवशी तरी गाडीत पाणी पिऊन चढा.