वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी गव्हांकुर

दिवाळी सरून थंडी पडू लागली की या सदराकडे गव्हांकुरांविषयीची, म्हणजे रस काढून पिण्यासाठी घरी वाढवलेल्या गव्हाच्या पातीविषयीची, पत्रे वाढतात. ते स्वाभाविकही आहे, कारण मराठवाड्यात कार्तिक ते माघ हाच गव्हाच्या कोवळ्या पातीला मानवणारा काळ असतो. या वेळी अशाच काही पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी दोन वेळा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गहू पेरले. पहिल्या खेपेस पाती उंच झाली, पण पिवळीच राहिली. दुसऱ्या खेपेस मुळांशी पांढरे काहीतरी आले आणि कुबट वास सुटला. माती आमच्या शेतातलीच, काळी आहे. नेमके काय बिनसते?
– एक गृहिणी, परभणी

उत्तर : पिवळेपणाचे कारण उजेड कमी पडणे, एवढेच आहे. नवरात्रात देवघरातल्या घटाभोवती पेरलेले धान नऊ दिवसांत कसे फिकट, लांबट आणि लुसलुशीत उगवते, ते आपण दरवर्षी पाहत असाल. अंधारात रोपाला हरितद्रव्य तयार करता येत नाही आणि दाण्यात साठलेल्या पिठूळ अंशावर ते नुसती उंची वाढवत राहते. आपल्या ट्रेचेही तेच झाले आहे. पेरणीनंतर ओल टिकावी म्हणून ओले गोणपाट किंवा दुसरा ट्रे झाकणे योग्यच आहे. परंतु कोंब बोटाच्या पेराएवढे झाले, म्हणजे साधारण दोन-तीन दिवसांनी, झाकण काढून ट्रे पूर्वेकडच्या खिडकीत किंवा ओसरीवर ठेवावा. सकाळचे कोवळे ऊन तासभर मिळाले आणि बाकी दिवस स्वच्छ उजेड राहिला, तर पिवळी पाती एक-दोन दिवसांत हिरवी होते.

मुळांशी दिसणाऱ्या पांढऱ्या गोष्टीबाबत मात्र ती बुरशीच आहे का, हे आधी पाहून घ्यावे. मोड आलेल्या गव्हाच्या मुळांना बारीक पांढरी लव असते. ती निरोगी रोपाचीच खूण असून पाण्याचा शिडकावा केला की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशीचे तंतू मुळे सोडून दाण्यादाण्यांमध्ये ताणलेले असतात, पातीच्या बुडाकडे चढतात, पाण्याने जात नाहीत आणि त्यांना वास येतो. आपल्याला कुबट वास आला, त्या अर्थी ती बुरशी होती. असा ट्रे वरवर धुऊन वापरू नये. पाती वरून हिरवीगार दिसली तरी तो घाणा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा आणि ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा.

बुरशी येण्यामागे बहुधा दाट पेरणी, साचलेले पाणी आणि कोंदट हवा यांपैकी एखादे कारण असते, आणि आपल्या बाबतीत निम्मा दोष काळ्या मातीचा असावा. ही माती कपाशीला उत्तम. पण दीड इंचाच्या थरात ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग काळी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चाळलेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले जुने शेणखत असे मिश्रण करावे. ताजे शेण मुळीच घालू नये. पातीचा रस कच्चा प्यायचा असल्याने शेणातले जंतू थेट पोटात जाण्याचा धोका असतो. ट्रेच्या तळाला छिद्रे असलीच पाहिजेत.

गहू रात्री आठ-दहा तास भिजवून, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन मटकीसारखे फडक्यात बांधावेत आणि मुळाचे पांढरे टोक डोकावले की मातीवर पसरावेत. दाण्याला दाणा लागलेला चालतो, दाण्यावर दाणा चढलेला चालत नाही. आठ इंची कुंडीला सत्तर ते शंभर ग्रॅम गहू पुरतात. पाणी सकाळी द्यावे; संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पातीच्या बुडाशी साचून राहते आणि बुरशीचे फावते.

प्रश्न : गहू कोणता घ्यावा? घरात शेतातले पोतेभर गहू आहेत, शिवाय पेरणीतून उरलेली कंपनीची पिशवीही आहे. पिशवीतले बियाणे उगवायला चांगले असणार, म्हणून तेच वापरावे असे वाटते.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ती पिशवी कृपया या कामासाठी उघडू नये. पेरणीच्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी किंवा लालसर रंग दिलेला असतो. धुतल्याने रंग गेला तरी औषध गेले असे समजता येत नाही.

घरच्या पोत्याबाबतही एक चौकशी आवश्यक आहे. वर्षाचे धान्य भरताना आपल्याकडे कुणी कडुनिंबाचा पाला घालते, कुणी एरंडेल चोळते, कुणी बोरिक पावडर लावते, तर कुणी पारद टिकड्या टाकते. पाला घातलेले गहू निर्धास्त वापरावेत. एरंडेल लावलेल्या दाण्यात पाणी नीट शिरत नाही. बोरिक पावडर किंवा पारा यांचा संबंध आलेले गहू मात्र अंकुरांच्या रसासाठी घेऊच नयेत.

वाण कोणताही चालतो. लोकवन सहज मिळतो आणि एकसारखा उगवतो. बन्सी किंवा खपली असली तरी अडत नाही. वाणापेक्षा उगवणशक्ती महत्त्वाची, आणि ती तपासण्याची रीत सोयाबीन पेरणाऱ्या घरांना नव्याने सांगायला नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि चार-पाच दिवसांनी किती उगवले ते मोजावेत. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याला किमान ८५ टक्के उगवणीची अट असते; आपणही तीच धरावी, कारण न उगवलेला प्रत्येक दाणा ट्रेमध्ये कुजतो आणि बुरशीचे घर होतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. पातीची टोके करपतात. उन्हाळ्यात तर ट्रे दोन दिवसांत आंबतो. यावर उपाय काय?
– एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : टोके करपणे आणि ट्रेच्या कडांवर पांढरा थर धरणे, ही दोन्ही क्षारांची लक्षणे आहेत. माती उथळ असल्यामुळे पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच साठत राहतात. निदान भिजवण्यासाठी आणि पहिल्या चार दिवसांसाठी पिण्याचे पाणी वापरावे. त्याला दिवसाला पेलाभरापेक्षा फारसे अधिक लागत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल, तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे. काटकसरीपोटी काही जण शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी किंवा कूलरच्या टाकीतले पाणी घालतात. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा तिथल्या माणसाची ही काटकसर समजण्यासारखी आहे. परंतु या दोन्ही पाण्यांत क्षार मूळ पाण्यापेक्षा अधिक असतात, शिवाय कूलरचे पाणी साचलेले असते. ते फरशी पुसायला ठेवावे.

उन्हाळ्याबद्दल स्पष्टच लिहितो. गव्हाच्या अंकुराला अठरा ते चोवीस अंशांची हवा आवडते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मार्चपर्यंत ओढून न्यायचे असेल, तर झाकून ठेवण्याचे पहिले दोन दिवस ट्रे माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवावा, दाणे विरळ पेरावेत आणि भिजवण्याचा वेळ सहा तासांवर आणावा. त्यानंतर मात्र हा उद्योग पावसाळा ओसरेपर्यंत थांबवावा, असे माझे मत आहे. वातानुकूलित खोलीत मे महिन्यात गव्हांकुर वाढवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा बाजारात येणारी घोळ आणि तांदुळजा खावा. हिरव्या पालेभाजीचे गुण त्यांतही आहेत.

प्रश्न : गव्हाऐवजी ज्वारीचे अंकुर काढून रस घेतला तर? आमच्याकडे ज्वारीच जास्त पिकते.
– एक शेतकरी, गेवराई

उत्तर : कदापि घेऊ नये. कोवळी ज्वारी खाल्लेल्या जनावराला विषबाधा होते, हे आपण जाणताच. ज्वारीच्या कोवळ्या पातीत धुरीन नावाचे द्रव्य असते, पाती चिरडली की त्यातून सायनाइड सुटते, आणि रस काढणे म्हणजे पाती चिरडणेच होय. पिकलेल्या दाण्याच्या भाकरीला हा धोका नाही. पालट हवा असेल, तर जवाची पाती गव्हासारखीच वाढवून घेता येते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ५८ आहे. त्यांचे हिमोग्लोबिन ८.४ आले. गव्हांकुराचा रस म्हणजे ‘हिरवे रक्त’ असून त्याने रक्त भरून येते, असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून त्या गोळ्या घ्यायला तयार नाहीत. रोज किती रस द्यावा?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : रस किती द्यावा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, कारण त्याआधी करायची गोष्ट निराळी आहे.

‘हिरवे रक्त’ ही कल्पना एका खऱ्या गोष्टीतून निघाली आहे. पातीतले हरितद्रव्य आणि रक्तातील हीम या घटकांची रासायनिक रचना पुष्कळशी सारखी आहे. या दोहोंच्या रचनेवरील कामासाठी हान्स फिशर या जर्मन शास्त्रज्ञाला १९३० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फरक मधल्या धातूचा आहे : रक्तात तिथे लोह असते, पातीत मॅग्नेशियम. आता, खाल्लेल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून त्या जागी लोह बसवण्याची कोणतीही सोय आपल्या शरीरात नाही. शरीर हीम स्वतः घडवते आणि त्यासाठी त्याला लोह, प्रथिने, फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते. गव्हांकुराच्या रसात लोह असते, पण दोन-तीन चमचे रसातून ते मिळून किती मिळणार? ब-१२ साठी तर त्याच्यावर विसंबूच नये.

चंडीगडच्या डॉक्टरांनी थॅलेसेमिया झालेल्या मुलांना हा रस देऊन पाहिला होता आणि काहींना रक्त कमी चढवावे लागल्याचे निरीक्षण २००४ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रसाच्या जाहिरातींत ते वारंवार पुढे केले जाते. परंतु त्यात मुले मोजकी होती आणि थॅलेसेमिया हा आनुवंशिक आजार असल्याने आपल्या सासूबाईंच्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध लागत नाही.

प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले की रक्तक्षय मानतात, म्हणजे ८.४ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्यातही पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त एवढे कमी का झाले, हे शोधणे गोळीइतकेच निकडीचे आहे. जठरातून किंवा आतड्यातून नकळत रक्तस्राव होत असू शकतो, मूळव्याध असू शकते, ब-१२ कमी असू शकते, मूत्रपिंडाचा विकारही असू शकतो. डॉक्टरांना दाखवून या तपासण्या करून घ्याव्यात. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. त्यांनी शौचास काळे होते आणि कधी पोट बिघडते, म्हणून अनेक जणी त्या मध्येच सोडतात. तसे होत असेल तर डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. जेवणानंतर लगेच चहा पिण्याची सवय असेल, तर ती तासाभराने पुढे ढकलावी आणि ताटात लिंबाची फोड ठेवावी. घरात भाकरी होतच असेल, तर आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला आहे, तो मिळाल्यास अवश्य आणावा. एवढे सगळे सुरू झाल्यावर सासूबाईंना आवडत असेल तर, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर, दोन चमचे रस द्यायला अडचण नाही. काकूंचा मानही राहील.

प्रश्न : माझ्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. मी रस घेतला तर चालेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झडप बदललेल्या रुग्णांना सामान्यतः वॉर्फरिन किंवा असेनोकुमेरॉल देतात. ही औषधे के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात आणि हिरव्या पातीत तेच जीवनसत्त्व असते. रस अचानक सुरू केला किंवा अचानक बंद केला, तर रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा, तपासणीतला आयएनआर हा आकडा हलतो. गर्भवती स्त्रिया, तसेच केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनीही कच्चा रस टाळावा, कारण मोडांच्या दमट वातावरणात जंतू झपाट्याने वाढतात.

प्रश्न : पाती कधी कापावी? मिक्सर चालतो का? आणि एकदा कापल्यावर पुन्हा फुटते, ती वापरावी का?
– एक गृहिणी, हिंगोली

उत्तर : पाती सहा-सात इंचांची झाली आणि तिच्या पोटातून दुसरे पान डोकावू लागले, की मातीपासून अर्धा इंच वर कात्रीने कापावी. याला आठ ते दहा दिवस लागतात. डिसेंबरच्या कडाक्यात दोन दिवस जास्त लागतात. उपटू नये, कारण मुळांबरोबर माती आणि दाण्याची साले येतात. गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असलेल्यांनी ही काळजी विशेषच घ्यावी, किंबहुना रसाच्या वाटेला न गेलेलेच बरे. ग्लुटेन दाण्यात असते, पातीत नसते, तरी घरच्या कात्रीवर तेवढा भरवसा टाकता येत नाही.

मिक्सर चालतो. पाती धुऊन बारीक कापावी, दोन घोट पाणी घालून थांबत थांबत फिरवावी, भांडे गरम होऊ देऊ नये आणि रस मलमलच्या फडक्यातून पिळावा. न कापता टाकली तर तिचे दोरे पात्याभोवती गुंडाळतात. हाताने फिरवायचे, दाबून रस काढणारे यंत्र घरात असेल तर फेस कमी येतो. पाटा-वरवंटाही उत्तम काम करतो. रस काढल्यावर ठेवू नये, लगेच घ्यावा, आणि सुरुवात दोन चमच्यांनीच करावी, कारण पहिल्या दिवशी पेलाभर प्यायल्यास अनेकांना मळमळते. रोज रस हवा असेल, तर रोज एक याप्रमाणे कुंड्या लावत जाव्यात, म्हणजे पहिली कापून रिकामी होते तोवर पुढची तयार होते.

दुसरी फूट येते, पण ती विरळ, जाड आणि चवीला उतरलेली असते. शिवाय तोवर दाणे कुजू लागलेले असतात. ती गाईला किंवा शेळीला घालावी, आणि मुळांचा जो घट्ट थर मातीसकट निघतो, तो उलटा करून एखाद्या कोपऱ्यात पालापाचोळ्याखाली ठेवावा. महिना-दीड महिन्यात तो मोकळा झाला, की चाळून त्यात पुन्हा नवे खत मिसळून वापरता येतो. बुरशी आलेल्या कुंडीची माती मात्र या ढिगात घालू नये.