चिनी आणि स्पॅनिश एकदम?

प्रश्न : मुलीला बी.ए.ला चिनी आणि स्पॅनिश दोन्ही घ्यायच्या आहेत. झेपेल का? – एक पालक, अमळनेर

उत्तर : झेपेल, पण श्रीगणेशा एकदम नको. आधी चिनी, स्पॅनिश दुसऱ्या सत्रापासून. घोळ होतो तो रोमन लिपीमुळे. स्पॅनिशमधला 'पी' म्हणजे साधा 'प'. चिनी पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, त्याच अक्षराला हवेचा झोत लागतो, आणि तिथला 'बी' आपल्या 'प'जवळ जातो. सुरुवातीला उच्चार देवनागरीत लिहावेत. सूर मात्र पाठच करायचे : 'मा' उंच, सपाट म्हटलं तर आई, खाली नेऊन वर आणलं तर घोडा! चिनी अक्षरं रोज दहाच, पण हातानं. नुसत्या टायपिंगनं ती ओळखता येतात, लिहिता येत नाहीत. स्पॅनिशचा वेळ क्रियापदांच्या रूपांना द्यावा. चिनीत ती भानगडच नाही.