धातूतला स्वर जपावा की बदलावा?

प्रश्न : कादंबरीसाठी मी एक काल्पनिक भाषा रचत आहे. तिच्यात ‘तिम’ म्हणजे वाहणे आणि ‘तेम’ म्हणजे विझणे असे दोन धातू आहेत. संस्कृतातल्या गुणाप्रमाणे, म्हणजे ‘इ’चा ‘ए’ आणि ‘उ’चा ‘ओ’ करून, आतला स्वर बदलला आणि प्रयोजक रूप (ती क्रिया करायला लावणे या अर्थाचे) घडवले, तर ‘वाहवणे’ या अर्थीही ‘तेम’च येते. आता धातूच बदलावा का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : धातू बदलण्याची गरज नाही, नियम पुरा करण्याची आहे. धातूतला स्वर ही त्याची ओळख मानायची की अर्थ पालटण्याचे साधन, हे आपण अजून ठरवलेले दिसत नाही, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे.

झामेनहॉफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत धातू अविकारी आहे. ‘कांती’ म्हणजे गाणे म्हणणे आणि ‘कांतो’ म्हणजे गीत, फरक काय तो शेवटच्या स्वराचा. इंग्रज कादंबरीकार टॉल्किन यांनी रचलेल्या क्वेन्या या काल्पनिक भाषेत मात्र पूर्ण भूतकाळ घडवताना धातूचाच स्वर सुरुवातीला पुन्हा येतो आणि आत दीर्घ होतो. ‘तुल’ म्हणजे येणे, त्याचे ‘उतूलिए’. ही युक्ती मला फार सुंदर वाटते, कारण तिथे शब्द वाढूनही मूळ स्वर हरवत नाही.

आपल्याला स्वर बदलायचाच असेल, तर घरची मराठी नीट पाहावी. तालमीत एक मल्ल पडतो आणि दुसरा त्याला पाडतो, गुऱ्हाळात रस गळतो आणि माणसे तो गाळतात. इथे ‘अ’चा ‘आ’ झाला की काम भागते. ‘तुटणे–तोडणे’, ‘फुटणे–फोडणे’, ‘सुटणे–सोडणे’ या जोड्यांत मात्र स्वराबरोबर व्यंजनही बदलते. संस्कृत ‘त्रुट्यति’मधल्या ‘ट्य’चा प्राकृतात ‘ट्ट’ झाला आणि मराठीत ‘ट’ टिकला. ‘त्रोटयति’मधला दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा ‘ट’ मात्र मृदू होऊन ‘ड’ झाला. त्यामुळे एकाच अर्थाच्या दोन खुणा शब्दात राहिल्या. आपल्या ‘तिम’लाही अशी दुसरी खूण द्यावी. ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ होताना ‘म’चा ‘व’ झाला, तसे ‘तिम’चे प्रयोजक ‘तेव’ करता येईल.

राहिला ‘तेम’. त्यात ‘ए’ आधीच आहे, म्हणजे गुणाने त्याला वर चढायला जागा नाही, आणि त्याच्याही ‘म’चा ‘व’ केला तर पुन्हा ‘तेव’च हाती येईल. अशा वेळी मराठी स्वराला हात लावत नाही, प्रत्यय लावते : पेटणे–पेटवणे. आपणही धातूंच्या यादीतून ‘ए’ आणि ‘ओ’ असलेले सगळे धातू आधी वेगळे काढावेत आणि त्यांच्यासाठी एकच प्रत्यय ठरवावा. पुढचे शब्द त्यानंतर घडवावेत.