सेमिनरीत शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, मी नगरचा, बीए झालंय, चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. आता सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात) शिकवायचं मनात आहे पण घरचे म्हणतात गपचूप बीएड कर. काय करू?

उत्तर : अरे बीएडचा तिथे काही उपयोग नाही, आधी बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) कर मग एक विषय धरून एमटीएच (त्यातलीच मास्टर्स), आणि लांब कशाला जातोस, पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहेच (आधी यवतमाळला होती, १९८३ला इकडे आली). डिग्री बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची, डिग्री द्यायचा अधिकार त्या कॉलेजला १८२७ला चक्क डेन्मार्कच्या राजाने दिलाय! खरा घाम काढते ती हिब्रू, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराची भाषा, उजवीकडून डावीकडे वाचायचं आणि स्वर म्हणजे बहुतेक अक्षराखालची बारीक टिंबं नि रेघा, सुरुवातीला डोकं भणभणतं. पगार बेताचाच, हे घरी आधीच सांगून टाक.